बिनकुंपणाच्या दर्याची शिस्त

दापोलीहून लाडघरला उतरून किनाऱ्याकडेने दक्षिणेला निघालं की बुरोंडी लागतं. गावाजवळच्या उंचवट्यावर अर्ध्या पृथ्वीगोलावर उभा असलेला परशुरामाचा भव्य पुतळा आहे. पर्यटक तिथे थांबतात, समोर पसरलेला अरबी समुद्र डोळे भरून बघतात आणि कोळथऱ्याच्या किंवा दाभोळच्या वाटेला लागतात. परशुरामाने बाण सोडून समुद्र मागे हटवला आणि कोकणची भूमी वर आणली, ही कथा इथल्या पोराटोरांनाही पाठ असते. त्या भूमीचं पुढे काय झालं तेही आपण जाणतो. तिची मोजणी झाली, गडगे घातले गेले, सातबारे निघाले, भाऊबंदक्या पेटल्या, कोर्टात तारखांवर तारखा पडल्या. मागे हटलेल्या पाण्याच्या वाट्याला मात्र यातलं काहीच आलं नाही. बुरोंडीसमोरच्या समुद्रात ना बांध, ना हद्दीचा दगड, ना तलाठी.

आणि तरीही तिथे हंगामातल्या प्रत्येक रात्री थक्क करणारं काहीतरी घडत असतं. बुरोंडी, हर्णै, दाभोळ अशा कितीतरी बंदरांतल्या होड्या त्याच पाण्यात उतरतात. तरंगतं जाळं एकदा सोडलं की ते लांबच लांब पसरतं आणि प्रवाहाबरोबर वाहत राहतं. त्याचा ठावठिकाणा सांगायला टोकाला एक बावटा आणि मिणमिणता दिवा, एवढंच. काळोखात त्यावरून दुसऱ्याची बोट गेली तर पंख्यात अडकून जाळ्याच्या चिंध्या होतील. कुणी गुपचूप ते वर ओढून मासळी काढून घेतली तर बघायला कोण आहे? दोघांनी एकाच जागी जाळी सोडली तर गुंता सोडवता सोडवता सकाळ होईल. असं कधीच होत नाही असं नाही. भांडणं होतात, हमरीतुमरी होते, नुकसानभरपाईवरून गावागावांत बैठका बसतात. पण एकूण हिशोब केला तर पहाटे बहुतेक जाळी धडपणे परत येतात. ज्या जागेला मालक नाही, दार नाही आणि पहारेकरी नाही, तिथे शेकडो माणसं एकमेकांना सांभाळून पोट भरतात. त्यांना आवरतं कोण?

एका थोर मानल्या गेलेल्या सिद्धांताप्रमाणे हे शक्यच नसायला हवं होतं. १९६८ साली गॅरेट हार्डिन या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने ‘सायन्स’ या साप्ताहिकात एक निबंध लिहिला. त्यातलं उदाहरण गायरानाचं होतं. गायरान सगळ्यांचं, गुरं ज्याची त्याची. प्रत्येक गुराख्याला वाटतं, आपण आणखी एक गाय चरायला सोडावी. दूध सगळं आपलं आणि चरून गेलेल्या गवताचं नुकसान सगळ्यांत वाटलं जाणार. प्रत्येकजण असाच विचार करतो आणि एक दिवस गायरान उघडंबोडकं होतं. हार्डिनच्या मते यातून सुटका दोनच मार्गांनी होते. एक तर गायरानाचे तुकडे करून मालक नेमा, नाहीतर वरून सरकारचा दंडुका आणा. तर्कात कुठेच फट दिसत नाही, म्हणूनच त्याने पुढची कित्येक वर्षं धोरणं आखणाऱ्यांची डोकी व्यापली. समुद्राला तर तो गायरानापेक्षाही चपखल बसतो. निदान गवत किती उरलं हे डोळ्यांना दिसतं, पाण्याखालचा मासा तेवढाही दिसत नाही. अडचण एवढीच की कोकण किनारा कित्येक शतकं मासे मारतो आहे आणि त्यातला बहुतांश काळ तिथे मालकही नव्हता आणि दंडुकाही नव्हता.

मग होतं काय? सगळ्यात आधी नारळी पौर्णिमा घ्या. सण म्हणून ती आपल्या इतक्या परिचयाची आहे की नियम म्हणून तिच्याकडे बघायचं राहूनच जातं. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, तसाच तो माशांच्या अनेक जातींच्या विणीचाही काळ असतो. मध्येच चार दिवस उघडीप मिळते, पाणी शांत दिसतं. अशा वेळी जो एकटा बाहेर पडेल त्याच्या मासळीला बाजारात सोन्याचा भाव. मोह केवढा मोठा! आणि एक गेला की उद्या दहा जाणार. हे दहा थांबवायला किनाऱ्यावरच्या समाजाने माशांची मोजदाद केली नाही की कुणी किती किलो पकडायचे याचं कोष्टक बनवलं नाही. त्यांनी फक्त तारीख ठरवली. श्रावणी पौर्णिमेला दर्याची पूजा होईल, नारळ वाहिला जाईल आणि मगच होड्या पाण्यात जातील.

या तारखेतली हुशारी कळली तेव्हा मी अक्षरशः चकित झालो. नियम पाळला की मोडला हे तपासायला इथे कुणालाच काही करावं लागत नाही. शाकारलेली होडी किनाऱ्यावर असते किंवा नसते. रोज सकाळी परसाकडे जाणाऱ्यालाही ते दिसतं. जो नियम मोडला तर आपोआप नजरेस पडतो, त्याला पहारा लागत नाही. आज सरकारची मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची असते. नारळी पौर्णिमा बहुधा ऑगस्टात येते, म्हणजे रूढी कायद्यापेक्षा कडक आहे. आणि बंदी १५ ऑगस्टपर्यंत किंवा नारळी पौर्णिमेपर्यंत वाढवा ही मागणी वर्षानुवर्षं पारंपरिक मच्छीमारच करत आले आहेत. ज्यांच्या हाताला त्यामुळे आणखी काही दिवस काम मिळणार नाही तेच म्हणतात, आम्हाला आणखी थोडं आवरा. हार्डिनच्या गुराख्याला हे स्वप्नातही सुचलं नसतं.

हीच शिस्त हाताच्या अंतरावरून बघायची तर जरा दक्षिणेला, मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर जाऊन रापण बघावी. होडी किनाऱ्यावरून निघते, अर्धवर्तुळात जाळं सोडत जाते आणि बऱ्याच अंतरावर पुन्हा वाळूला लागते. आता जाळ्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावर, टोकांना दोर आणि दोरांना माणसं. तरणी पोरं असतात, साठी उलटलेले असतात. मागे झुकायचं, टाचा वाळूत रोवायच्या आणि एका लयीत पावलापावलाने मागे सरकायचं. रांगेच्या शेवटी पोहोचलेल्याने दोर सोडून पुन्हा पाण्याशी यायचं आणि पुढून धरायचं. दोन्ही बाजू सारख्या वेगाने आल्या पाहिजेत. एक मागे पडली की जाळं तिरकं होतं आणि मासळीला वाट सापडते. त्यामुळे अंगचोरपणा लपत नाही. शेजारच्याच्या दंडाला तो लगेच कळतो, आणि समोरच्या रांगेतून हाळी येते. शेवटी जाळ्याची खोळ उथळ पाण्यात येते, आतली तारली-बांगड्याची चांदी उसळायला लागते. सगळ्यांच्या देखत ती वाळूवर येते आणि सगळ्यांच्या देखत वाटे पडतात. जाळ्याचा वाटा वेगळा, होडीचा वेगळा, अंगमेहनतीचा वेगळा. एकाच किनाऱ्यावर दोन-तीन रापणी असतील तर त्यांच्या पाळ्या ठरलेल्या असतात. आज तुमची, उद्या आमची.

इथे राखणदार आणि राखलेला ही माणसं वेगळी नाहीतच. प्रत्येकजण काम करता करता दुसऱ्यावर लक्ष ठेवतो, त्यासाठी वेगळा वेळ किंवा वेगळा पगार लागत नाही. बुरोंडीच्या उत्तरेला असलेल्या हर्णै बंदरातला लिलाव ज्यांनी बघितला आहे त्यांना यातलंच दुसरं रूप आठवेल. बोटी खोल पाण्यात नांगरलेल्या, मासळी आणायला बैलगाड्या थेट लाटांत शिरलेल्या. वाळूवर ढीग पडतो, त्याभोवती गिऱ्हाइकांचं कडं होतं. कोळणी असतात, व्यापारी असतात. बोली पुकारली जाते आणि काही क्षणांत सौदा तुटतो. कुणाच्या बोटीला काय लागलं, किती भावाला गेलं, कोणत्या व्यापाऱ्याचे पैसे मागच्या आठवड्यापासून थकले आहेत, हे घटकाभरात सगळ्या बंदराला ठाऊक. दर्यात अंधारात काय घडलं ते कुणी पाहिलेलं नसतं. पण रोज इतक्या उघड्यावर एकमेकांसमोर उभं राहावं लागणारा माणूस अंधारातही जरा सांभाळून वागतो.

जगभरातल्या अशा गोष्टी गोळा करायचं काम एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकी विदुषीने आयुष्यभर केलं. मच्छीमार, मेंढपाळ, पाटाच्या पाण्यावर शेती करणारे शेतकरी, जिथे जिथे सामाईक मालमत्ता टिकून राहिली आहे तिथले कागद आणि माणसं तिने धुंडाळली. १९९० साली तिचं पुस्तक आलं आणि २००९ साली तिला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ते मिळवणारी ती पहिली स्त्री. तिच्या पुस्तकातलं तुर्कस्तानच्या अलान्या गावाचं उदाहरण बुरोंडीच्या कुणाही तांडेलाला क्षणात पटेल. जेमतेम शंभर मच्छीमारांचं ते बंदर. १९७० च्या सुमारास चांगल्या जागांवरून तिथे मारामाऱ्यांपर्यंत वेळ आली होती. मग तिथल्या सहकारी संस्थेच्या सभासदांनी चुकत-सुधारत एक रीत बसवली. दर सप्टेंबरात हक्कदार मच्छीमारांची यादी करायची. समुद्रातल्या जागांना नावं द्यायची आणि दोन जागांत एवढं अंतर ठेवायचं की एकाच्या जाळ्याने दुसऱ्याचा मासा अडू नये. मग चिठ्ठ्या टाकायच्या. चिठ्ठीत निघेल ती पहिल्या दिवशीची जागा. त्यानंतर जानेवारीपर्यंत रोज एक जागा पूर्वेला सरकायचं आणि मग मेपर्यंत रोज एक जागा पश्चिमेला. म्हणजे उत्तम जागा प्रत्येकाला मिळते आणि भिकारही प्रत्येकाला मिळते.

आता यात राखण कोण करतो बघा. आज जिथे आपली पाळी आहे त्या उत्तम जागेवर आपण पहाटे पोहोचलो आणि तिथे दुसरा बसलेला दिसला, तर ओरडणार कोण? आपणच. ज्याचं नुकसान तोच पहारेकरी. आणि इतर सगळे त्याची बाजू घेणार, कारण उद्या त्यांचीही पाळी यायची आहे. सरकारी माणूस कुठेही नाही, फक्त यादीची एक प्रत गावच्या कचेरीत ठेवलेली.

दूर तुर्कस्तानात जायलाच हवं असंही नाही. धुळे-नाशिकच्या पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर निदान तीनशे वर्षं चाललेली फड पद्धत याच जातकुळीतली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे मोठे फड पाडायचे, प्रत्येक फडात त्या वर्षी एकच पीक घ्यायचं आणि प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन सगळ्या फडांत असायची. पाऊस कमी झाला की त्या वर्षी एखादा फड कोरडा सोडायचा. सगळ्यांची जमीन सगळीकडे असल्यामुळे झळही सगळ्यांना सारखीच बसणार. पाणी सोडायला पाटकरी, पिकावर नजर ठेवायला जागल्या, त्यांना मोबदला धान्याच्या रूपात गावानेच द्यायचा. आपल्या आज्या-पणज्यांनी इतकी नेटकी व्यवस्था विद्यापीठांच्या मदतीशिवाय बसवली, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. शाळेच्या पुस्तकात तिला दोन पानं मिळायला हवीत.

पण नियम म्हटला की मोडणारा आलाच. त्याचं काय करायचं, या प्रश्नावर समाज तरतो किंवा बुडतो. ऑस्ट्रॉमला टिकून राहिलेल्या सगळ्या व्यवस्थांत एक गोष्ट सारखी दिसली. पहिल्या चुकीची शिक्षा अगदी हलकी, जवळजवळ नावापुरती असते. चूक पुन्हा झाली तर ती थोडी चढते. अमेरिकेच्या मेन राज्यातल्या शेवंड पकडणाऱ्या मच्छीमारांचा जेम्स ॲचेसन या मानववंशशास्त्रज्ञाने अभ्यास केला. दुसऱ्याच्या हद्दीत पिंजरे टाकणाऱ्याला तिथे आधी कुणी एक शब्दही बोलत नाही. त्याच्या तरंगत्या बोयाच्या दांड्याला दोरीच्या दोन गाठी मारून ठेवतात, बस्स. पिंजऱ्याला हात लावत नाहीत. आम्ही बघितलंय, एवढाच निरोप. बहुतेकजण तेवढ्यावर समजतात आणि पिंजरे हलवतात. नाहीच हलवले तर मग दोर कापला जातो. आपल्याकडेही कुणी पाळी चुकवली की आधी एखादा वडीलधारा त्याला बाजूला घेतो, ‘अरे, असं करू नये’ म्हणतो. चारचौघांत पाणउतारा नंतरचा, दंड त्याहून नंतरचा. पहिल्या पायरीवरचा माणूस बहुधा अडचणीतला किंवा अजाण असतो, मुरलेला लबाड नसतो. त्याला परत यायला वाट ठेवली की तो परत येतो.

प्रयोगशाळेतही हे तपासून झालं आहे. एर्न्स्ट फेर आणि झिमॉन गेख्टर यांनी झुरिकच्या विद्यार्थ्यांना खरे पैसे देऊन एक खेळ खेळायला लावला. प्रत्येकाने सामाईक पेटीत हवे तेवढे पैसे टाकायचे, पेटीतली रक्कम वाढवून सगळ्यांत सारखी वाटली जायची. सुरुवातीला मंडळी मोकळ्या हाताने टाकतात. मग काही फुकटे निघतात आणि त्यांना बघून बाकीचेही हात आखडतात. फेरीगणिक पेटी आटत जाते. स्वतःच्या पदरचे थोडे पैसे खर्च करून फुकट्याला दंड करण्याची मुभा मिळाली की पेटी पुन्हा भरते. ऑस्ट्रॉम आणि तिच्या सहकाऱ्यांनी त्याहून साधी गोष्ट करून बघितली. खेळणाऱ्यांना फेऱ्यांच्या मध्ये समोरासमोर बसून नुसतं बोलू दिलं. दंड नाही, सक्ती नाही, कागदावर सही नाही. तेवढ्यानेही सगळ्यांचा फायदा भरपूर वाढला. देवळाच्या पारावर संध्याकाळी जाळं विणता विणता जे बोलणं होतं ते रिकामटेकडं नसतं, हे शास्त्राने मान्य केलं म्हणायचं.

इथवर सगळं गोड आहे. पण कोकणच्या गावकीबद्दल लिहायचं आणि वाळीत टाकण्याबद्दल गप्प बसायचं, हे मला जमणार नाही. ज्या समाजाच्या हातात आवरायची एवढी ताकद आहे, तोच समाज ती कुणाच्याही गळ्याला लावू शकतो. वाळीत टाकलेल्या घराशी कुणी बोलत नाही, दुकानदार मीठ देत नाही, लग्नाचं बोलावणं येत नाही, मयताला खांदा द्यायला चार माणसं मिळत नाहीत. रायगड-रत्नागिरीत अशी कितीतरी प्रकरणं पोलिसांपर्यंत गेली. त्यांची कारणं काढून बघितली तर काळजाचं पाणी होतं. कुणी जातीबाहेर लग्न केलं, कुणी निवडणुकीला उभा राहिला, कुणी गावकीच्या पैशांचा हिशोब मागितला. यातल्या कुणीच सामाईक मालमत्ता लुटलेली नव्हती. उलट हिशोब मागणारा तर खरा राखणदार होता.

हेही जगभर आढळतं. २००८ साली गेख्टर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तोच पेटीचा खेळ जगातल्या १६ ठिकाणी खेळवला. काही ठिकाणी लोकांनी फुकट्यांबरोबरच भरभरून पैसे टाकणाऱ्यांनाही दंड केला आणि तिथे सहकार्य वाढलंच नाही. दंडाचा अधिकार असून भागत नाही. तो कुणाविरुद्ध वापरायचा यावर मर्यादा हवी, आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याला बोलायला जागा हवी.

महाराष्ट्राने या बाबतीत देशाला वाट दाखवली, याचा मला अभिमान आहे. १९४९ साली मुंबई प्रांताने बहिष्कृत करण्याला बंदी घालणारा कायदा केला होता. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो धर्मसंस्थांच्या अधिकारावर अतिक्रमण करतो म्हणून रद्द ठरवला. मधली पन्नासहून अधिक वर्षं पीडितांच्या हातात नेमका कायदाच नव्हता. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींविरुद्ध मोहीम उघडली, वाळीत पडलेली माणसं धीर करून बोलायला लागली आणि २०१६ साली विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा मंजूर केला. ३ जुलै २०१७ पासून तो लागू झाला. बहिष्कार टाकणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गावाने माणसाला समज द्यावी, दंड करावा, पण त्याचं माणूसपण काढून घेऊ नये, अशी रेघ कायद्याने मारली.

गावकीतली जी शिस्त चांगली होती तिला कागदावर आणायचं काम सहकारी संस्थांनी केलं. १९१३ साली कोकणात कर्ला मच्छीमार सहकारी संस्था उभी राहिली. देशातली मच्छीमारांची ती पहिली सहकारी संस्था मानली जाते. आज बंदराबंदरातल्या संस्था डिझेल, बर्फ, जाळ्यांसाठी कर्ज आणि सरकारी योजनांचे कागद बघतात. इथे प्रश्न उलट्या बाजूने येतो. नियम मोडणाऱ्याला आवरणं सोपं, नुसतंच नाव लावून घरी बसलेल्याला हलवणं कठीण. २०१३ साली सहकार कायद्यात ‘क्रियाशील सभासद’ आला तो यासाठीच. सलग पाच वर्षांत निदान एका सर्वसाधारण सभेला हजेरी आणि संस्थेच्या सेवांचा किमान वापर, नाहीतर मतदानाचा हक्क जाईल, असं सांगितलं गेलं. पुढे या अटीवरून बरीच ओढाताण झाली. माझं मत विचाराल तर अट रास्त होती. पाच वर्षांत एकाही सभेला न जाणाऱ्याने समुद्राच्या भवितव्यावर हात वर करावा हे पटत नाही.

आणि तरीही गेल्या काही वर्षांत ही सगळी शिस्त एका जागी हतबल होताना दिसते. दापोली-गुहागरच्या किनाऱ्यावरच्या पारंपरिक मच्छीमारांची मुख्य तक्रार आज एकमेकांविरुद्ध नाही. ती पर्ससीन आणि एलईडीच्या बोटींविरुद्ध आहे. पर्ससीनचं जाळं माशांच्या थव्याला गोल वेढा घालतं आणि मग बटव्याची नाडी ओढावी तसा त्याचा तळ आवळला जातो, अख्खा थवा आत. त्याला प्रखर दिव्यांची जोड मिळाली की थवा शोधावाही लागत नाही. प्रकाशाकडे बारीक जीव येतात, त्यांच्या मागून लहान मासे, त्यांच्या मागून मोठे. अंडी घालायला निघालेली मासळी आणि बोटाएवढी पिल्लं, सगळीच एका फेऱ्यात उचलली जातात.

या बोटीला गावची शिस्त का लागू पडत नाही? कारण ती उद्या याच वाळूवर उभी राहणार नसते. दूरच्या बंदरातून रात्री येते, मालक किनाऱ्यावर, खलाशी रोजंदारीचे. तिला वडीलधारा बाजूला घेणार कसा? बोयाला गाठी मारून निरोप कुणाला द्यायचा? ओळख जिथे संपते तिथे गावाच्या शिस्तीची पोचही संपते. तिथे सरकार लागतंच, आणि हार्डिनचं तेवढं म्हणणं खरं आहे.

हे गोव्याच्या रांपणकारांना, म्हणजे तिथल्या रापणवाल्यांना, फार आधी उमगलं. १९७० च्या दशकात यांत्रिक ट्रॉलर किनाऱ्याजवळ येऊन त्यांची मासळी आणि जाळी दोन्ही नेऊ लागले, तेव्हा मातानी साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली ते रस्त्यावर उतरले. १९८० साली गोव्यात सागरी मासेमारीचा कायदा झाला आणि पाठोपाठ १९८१ साली महाराष्ट्राचा. फेब्रुवारी २०१६ मध्ये महाराष्ट्राने पर्ससीनचा हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच ठेवला आणि नवे परवाने थांबवले. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने दिवे लावून मासेमारी करायला बंदी केली. २०२१ च्या दुरुस्तीने एलईडीवाल्यांसाठी ५ लाखांपासून २० लाखांपर्यंत चढत जाणारा दंड आला. पायरीपायरीने वाढणाऱ्या शिक्षेची गावची रीत शेवटी कायद्यातही उतरली! निवाड्याचे अधिकार तहसीलदारांकडून मत्स्य विभागाकडे आले आणि जानेवारी २०२५ पासून ९ ड्रोन किनाऱ्यावर फिरू लागले. पण राज्याची हद्द १२ सागरी मैलांवर संपते, पुढचं पाणी केंद्राचं. बोटीला ही रेघ ओलांडायला काही मिनिटं पुरतात. एवढ्या लांबलचक किनाऱ्याला ९ ड्रोन पुरणार नाहीत, हे सांगायला तज्ज्ञ नको. ज्यांचे डोळे रोज रात्री त्याच पाण्यावर असतात, त्या तांडेलांच्या तक्रारीला तासाभरात उत्तर देणारी गस्तीची बोट जवळच्या बंदरात उभी हवी. गावाचे डोळे आणि सरकारचा हात एकत्र आल्याशिवाय हे जमणार नाही.

तिसरा हात आपला आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेटला, म्हणजे आपल्या सरंग्याला, राज्यमाशाचा मान मिळाला आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून देण्यात आली. पापलेट निदान १३५ मिलिमीटर, सुरमई ३७०, बोंबील १८०. त्याहून लहान मासा पकडायचा नाही. पण तो बाजारात येतो, कारण आपण तो घेतो. पिल्लं स्वस्त मिळतात, तळायला सोपी जातात, ताटात छान दिसतात. पुढच्या वेळी बाजारात जाल तेव्हा एवढं करा. तळहातावर न भरणारं पापलेट टोपलीत दिसलं तर ते घेऊ नका, आणि का घेत नाही ते मासळीवालीला तिथेच, चार गिऱ्हाइकांच्या देखत, नीट शब्दांत सांगा.